पाऊस उघडला की डास का वाढतात? फवारणीची वाट बघण्याआधी घरातला बॅरल आतून घासा

कोल्हापूर : नदीचे पाणी पात्रात गेले, रानात वाफसा यायला लागला, दोन-चार दिवस ऊन पडले की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज फिरू लागतो. ‘ग्रामपंचायत फवारणी कधी करणार?’ कुणी संध्याकाळी सहालाच दारं-खिडक्या लावून बसतो, कुणी गोठ्यात शेणी पेटवून वर कडुनिंबाचा पाला टाकतो. त्यातच घरातल्या एखाद्या पोराला ताप आला, अंग मोडून आलं, की सगळं घर धास्तावतं. मग रक्त तपासणी, ‘पेशी किती आल्या’ याची चौकशी, सलाइन आणि शेवटी हजारांत जाणारं बिल.

एवढे डास अचानक येतात कुठून? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : गटारातून. हे अर्धं खरं आहे. रात्री कानाशी गुणगुणणारे डास बहुतांशी गटारातले, डबक्यातले असतात. पण डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा डास गटारात वाढत नाही. तो न्हाणीतल्या बॅरलमध्ये, जनावरांच्या डोणीत, पत्रा उडू नये म्हणून वर टाकलेल्या टायरमध्ये, म्हणजे साध्या, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात जन्मतो. आणि त्याची अंडी बऱ्याच घरांत पावसाच्या आधीपासूनच येऊन बसलेली असतात.

मुसळधार पावसात कमी, उघडिपीत जास्त

जेवढा जास्त पाऊस तेवढे जास्त डास, असा समज आहे. तसं असतं तर गगनबावड्यात राहणं मुश्कील झालं असतं आणि शिरोळकर निवांत झोपले असते. गगनबावड्यात शिरोळच्या जवळजवळ दहापट पाऊस पडतो. पण डासांचा त्रास पावसाच्या मिलिमीटरवर ठरत नाही. पाणी किती दिवस एका जागी शांत उभं राहिलं, यावर तो ठरतो.

जुलैत पाऊस कोसळत असतो तेव्हा डबकी, चरी, गटारं सतत वाहती असतात. अळ्या पाण्याबरोबर वाहून जातात. उघड्यावरची भांडी भरून सांडतात, त्यात वाढणाऱ्या अळ्याही बाहेर पडतात. जोराच्या पावसात डासांना नीट उडताही येत नाही. खरी गडबड सुरू होते ती पाऊस थांबल्यावर, किंवा दोन दिवस रिपरिप आणि चार दिवस उघडीप असं सुरू झाल्यावर. वाहणारं पाणी थांबतं, ठिकठिकाणी साचतं, ऊन पडल्यानं थोडं कोमट होतं. डासांना याहून चांगलं काय पाहिजे?

दुसरी गोष्ट हवेतल्या ओलाव्याची. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत डास लवकर मरतो. पावसाळी दमट हवेत तो जास्त दिवस जगतो. हा फरक वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. डेंग्यूच्या रुग्णाला चावलेला डास लगेच दुसऱ्याला आजार देऊ शकत नाही. विषाणू आधी डासाच्या पोटात वाढतो, मग त्याच्या लाळेपर्यंत पोहोचतो. या प्रवासाला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. त्याआधी डास मेला तर साखळी तुटली. दमट हवेत तो दोन-तीन आठवडे जगला, तर उरलेल्या दिवसांत घरातल्या चार जणांना आजारी पाडू शकतो. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत डेंग्यूचे रुग्ण जास्त का दिसतात, याचं बरंचसं उत्तर यात आहे.

अंडी पाण्यात नाहीत, भिंतीला

सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट ही. डेंग्यूच्या डासाचं शास्त्रीय नाव एडिस इजिप्ती. त्याची मादी अंडी थेट पाण्यावर टाकत नाही. भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर भिंतीला ती एकेक अंडं चिकटवते. एका खेपेला साधारण शंभर अंडी. तीही सगळी एका ठिकाणी घालत नाही. थोडी बॅरलला, थोडी कुंडीखालच्या बशीला, थोडी शेजाऱ्याच्या टायरला. अंडी काळी आणि बारीक, शाईच्या ठिपक्यासारखी. बॅरल काळा किंवा गडद निळा असेल तर ती दिसतच नाहीत.

आणि ही अंडी चिवट असतात. पाणी आटलं, बॅरल कोरडा पडला, उन्हाळाभर माळ्यावर उपडा राहिला, तरी ती कित्येक महिने तग धरतात. जूनमध्ये तोच बॅरल पागोळ्यांखाली ठेवला, पाणी त्या रेषेपर्यंत चढलं, की अंडी फुटून अळ्या बाहेर पडतात. पावसानं डास आणले असं आपण म्हणतो. पावसानं फक्त झोपलेल्या अंड्यांना पाणी दाखवलेलं असतं.

म्हणूनच बॅरल नुसता पालथा करून पुन्हा भरण्यानं काम होत नाही. पाणी गेलं, अळ्या गेल्या, पण कडेची अंडी जागेवरच राहिली. आठवड्यानं पुन्हा तेच. बॅरल आतून घासावाच लागतो.

अंड्यातून अळी, अळीतून कोश, कोशातून उडणारा डास, हा सगळा कारभार पावसाळ्यातल्या हवेत साधारण ७ ते १० दिवसांत उरकतो. आरोग्य खातं आठवड्यातून एक दिवस ‘कोरडा दिवस’ पाळा म्हणतं, ते या हिशेबानं. (या कोरड्या दिवसाचा दारूच्या दुकानाशी काही संबंध नाही, हे आशाताईंना अजूनही हसत हसत सांगावं लागतं.) पंधरा दिवसांतून एकदा घासलं तर मधल्या काळात एक पिढी उडून गेलेली असते. गावातल्या आठवडी बाजाराचा वार धरला तर दिवस विसरायला होत नाही.

चावणारा कोणता, ओळखायचं कसं?

आपल्याकडे त्रास देणारे डास मुख्यतः तीन जातींचे. चावते फक्त मादी. अंडी तयार करायला तिला रक्तातली प्रथिनं लागतात. नर बिचारा फुला-पानांच्या रसावर जगतो.

एडिसच्या काळ्या पायांवर पांढरे पट्टे असतात. तो दिवसा चावतो, त्यातही सकाळी आणि दुपार कलल्यानंतर अंधार पडेपर्यंत जास्त. पायाला, घोट्याला, टेबलाखाली, शाळेच्या बाकाखाली. तो घरातच पडद्यामागं, कपड्यांच्या दांडीवर, कॉटखाली दडून बसतो आणि फार लांब उडत नाही. जन्मला तिथून बहुधा शे-दोनशे मीटरच्या आतच त्याचं आयुष्य जातं. याचा अर्थ सरळ आहे : तुमच्या घरातल्या माणसाला डेंग्यू झाला, तर डास एकतर तुमच्याच परड्यातला, नाहीतर दोन-चार घरं सोडून पलीकडचा. गावाबाहेरच्या ओढ्याला दोष देऊन भागत नाही.

मलेरियाचा, म्हणजे हिवतापाचा डास ॲनॉफिलीस. तो रात्री चावतो आणि बसताना शरीर तिरकं, शेपूट वर करून बसतो. कालव्याच्या कडेचं पाणी, विहिरी, पाण्याच्या टाक्या ही त्याची ठिकाणं. मलेरिया डासामुळं पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी आपल्याच देशात, सिकंदराबादला डासाचं पोट फाडून दाखवून दिलं. तो डास हाच.

तिसरा क्युलेक्स. गटार, शोषखड्डा, सेप्टिक टँक, उकिरड्याशेजारचं काळं पाणी हे त्याचं माहेर. रात्रीची झोप उडवतो तो बहुतेक हाच. हत्तीरोग पसरवणारा डासही याच जातीतला.

पाण्यातल्या अळ्यांवरूनही अंदाज येतो. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगणारी अळी ॲनॉफिलीसची. डोकं खाली आणि शेपटीकडची नळी वर करून लटकलेली असेल तर ती एडिस किंवा क्युलेक्सची. स्वच्छ पाण्याच्या बॅरलमध्ये अशी लटकलेली वळवळ दिसली तर डेंग्यूच्या डासाचा संशय धरूनच चालावं. मोबाइलची बॅटरी लावून बॅरलमध्ये बघा. उजेड पडताच अळ्या वळवळत तळाशी जातात, मिनिटभरानं श्वास घ्यायला पुन्हा वर येतात.

गावातल्या घरात पाणी साचतं कुठं?

शहरातल्या जाहिरातीत फ्लॉवरपॉट आणि कूलर दाखवतात. आपल्याकडची यादी वेगळी आहे.

सगळ्यात आधी बॅरल आणि पिंप. चावीला पाणी दिवसाआड, कधी तीन दिवसांनी, त्यामुळं साठवण्याशिवाय इलाज नाही. ‘पाणी ओतून द्या’ म्हणणं सोपं आहे, पण डोक्यावरून हंडे आणणारी बाई पाणी ओतून देणार नाही, आणि तिनं द्यावंही का? पाणी वाया न घालवता करता येतं. बॅरलमधलं पाणी दुहेरी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या. फडक्यात अडकलेल्या अळ्या गटारात न झटकता कोरड्या, उन्हातल्या जमिनीवर झटका. तिथं त्या काही वेळात मरतात. रिकामा बॅरल काथ्यानं, नारळाच्या शेंडीनं किंवा घासणीनं आतून, विशेषतः पाण्याच्या रेषेच्या वरची वीतभर जागा, जोर लावून घासा. विसळलेलं पाणी अंगणात कोरड्या जागी फेका आणि गाळलेलं पाणी परत भरा. वर जुन्या धोतराचं किंवा सुती साडीचं दुहेरी कापड टाकून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं घट्ट आवळा. नुसतं फळकूट किंवा फुटकं झाकण ठेवलं तर डास बरोबर फट शोधतो.

दुसरी जागा गोठा. जनावरांना पाणी पाजायची दगडी डोण किंवा सिमेंटचा हौद कधीच पूर्ण रिकामा होत नाही. वरून भर पडत राहते. आठवड्यातून एकदा तळापर्यंत रिकामी करून खराट्यानं घासली तर प्रश्न मिटतो. मोठा हौद असेल तर गप्पी मासे सोडावेत. हे मासे अळ्या खाऊन जगतात, अंडी न घालता थेट पिल्लं देतात, त्यामुळं महिन्या-दोन महिन्यांत त्यांची संख्या आपोआप वाढते. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात चौकशी केली तर ते मिळण्याची सोय होते. मात्र नदीत, तळ्यात ते सोडू नयेत. तिथल्या मूळच्या माशांना त्यांचा त्रास होतो.

टायरचं दुखणं वेगळंच आहे. ट्रॅक्टरचे, ट्रॉलीचे, मोटरसायकलचे जुने टायर कुणी टाकून देत नाही. पत्र्यावर, वैरणीच्या गंजीच्या ताडपत्रीवर, अंगणाच्या कडेला ते पडलेले असतात. टायर कसाही ठेवा, आतल्या पोकळीत पाणी राहतंच. आत अंधार, सावली, पाणी गार. एडिसला याहून सुरक्षित जागा नाही, आणि वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. पत्र्यावर टायर ठेवायचाच असेल तर खालच्या बाजूला तीन-चार मोठी भोकं पाडा, किंवा आत माती भरून टाका. ताडपत्रीच्या घड्यांत साचलेलं पाणीही असंच. पाऊस उघडला की काठीनं ढकलून द्यावं.

गुऱ्हाळाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. त्याआधीचे चार महिने काहिली गुऱ्हाळघरामागं पडून असतात. उताणी ठेवलेली काहील म्हणजे छोटं तळंच. उपडी करायला चार माणसं लागतात, म्हणून राहून जातं. गणेश विसर्जनासाठी अनेक गावांत पाण्यानं भरलेल्या काहिली आणि कुंडं ठेवतात. नदी वाचवण्यासाठी ही पद्धत चांगली आहे. पण मूर्ती काढल्यावर तेच पाणी पंधरा दिवस तसंच राहिलं, तर सगळ्या गल्लीला डास पोसून मिळतात. विसर्जन झालं की दोन-तीन दिवसांत ती रिकामी करून घ्यायची जबाबदारी मंडळानं किंवा पंचायतीनं आधीच ठरवून ठेवावी.

आजरा, चंदगड, भुदरगड भागात बांबूची बेटं जास्त. बांबू पेरावर न तोडता मध्येच तोडला की खुंटाच्या पोकळीत पाणी साचतं. तिथं एडिसचा रानातला भाऊबंद, एडिस अल्बोपिक्टस, वाढतो. तोही डेंग्यू-चिकुनगुनिया पसरवू शकतो. खुंटात माती किंवा वाळू भरावी. नारळाच्या करवंट्या, शहाळी, फुटकी घमेली, रंगाचे डबे, चहाचे प्लास्टिक कप, झाडांच्या कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजच्या मागचा ट्रे यांचं एक-एक करून काय सांगावं. घराभोवती एक चक्कर मारली तर दिसतील. चमचाभर पाण्यातही अळ्या होतात.

या यादीत न बसणारी, पण फार मोठी जागा म्हणजे संडासाच्या सेप्टिक टँकची हवा जाणारी पाइप. घरोघरी शौचालयं झाली ही चांगली गोष्ट झाली, पण या पाइपेचं तोंड बहुतेक ठिकाणी उघडं आहे. आत काळोख आणि घाण पाणी. क्युलेक्स हजारोंनी तयार होऊन संध्याकाळी त्या पाइपेतून बाहेर पडतो. पाइपेच्या तोंडाला नायलॉनची बारीक जाळी तारेनं बांधायची, पाच-दहा रुपयांचं काम. टाकीच्या झाकणाच्या फटी सिमेंटनं बुजवायच्या. गल्लीतल्या सगळ्यांनी एकाच रविवारी हे केलं तर रात्रीच्या डासांत पडलेला फरक महिन्याच्या आत जाणवतो.

टीसीएल, ऑइल आणि औषध

पाण्यात टीसीएल टाकलं की अळ्या मरतात, असं अनेकांना वाटतं. पिण्याच्या पाण्यात जेवढं टीसीएल घालतात तेवढ्यानं जुलाब-काविळीचे जंतू मरतात, डासांच्या अळ्या मरत नाहीत. तुरटीनंही नाही.

जळकं ऑइल टाकण्याची पद्धत जुनी आहे आणि ती काम करते. अळी शेपटीकडच्या नळीनं हवा घेते. पाण्यावर तेलाचा पातळ थर बसला की ती नळी बंद होते आणि अळी गुदमरते. पण हे फक्त बंदिस्त, घाण पाण्याच्या डबक्यासाठी. जे पाणी जनावर पितं, शेतात जातं किंवा ओढ्याला मिळतं तिथं ऑइल टाकणं म्हणजे एक दुखणं घालवून दुसरं आणणं. डबकं बुजवता येत असेल, किंवा चर काढून पाणी वाहतं करता येत असेल, तर तेच पहिलं करावं.

आरोग्य कर्मचारी घरी येऊन टेमिफॉस नावाचं औषध टाकतात. वाड्या-वस्त्यांवर त्याला ॲबेट म्हणूनच ओळखतात. रिकामी करता येत नाही अशा साठ्यासाठी ते असतं आणि त्याचं माप ठरलेलं असतं. वास येतो म्हणून कर्मचारी दारातून बाहेर पडायच्या आत ते पाणी ओतून देणारी घरंही आहेत. त्यांनी निदान ओतल्यावर बॅरल घासावा. हे औषध स्वतः दुकानातून आणून अंदाजानं टाकू नये. शेतीचं कीटकनाशक तर अजिबात नको.

धुराची फवारणी का पुरत नाही

ग्रामपंचायतीचं धुराचं मशीन गल्लीतून गेलं की लोकांना बरं वाटतं. काहीतरी झालं, दिसलं. पण धूर मारतो तो फक्त त्या वेळी हवेत उडत असलेल्या डासाला. अर्ध्या-एक तासात धूर विरतो. बॅरलमधल्या अळ्यांना, कोशांना आणि कडेच्या अंड्यांना त्याचा काही त्रास होत नाही. त्यातून डेंग्यूचा डास घरात कॉटखाली बसलेला, आणि मशीन आलं की आपण दारं-खिडक्या लावून घेतो. चार दिवसांनी नवी फौज तयार. गावात डेंग्यूचे रुग्ण निघाले तर त्या घराच्या आसपास धूर मारण्याला अर्थ आहे, कारण तिथं विषाणू घेऊन फिरणारे डास मारायचे असतात. एरवी नुसत्या धुरावर भरवसा ठेवणं म्हणजे चावी उघडी ठेवून फरशी पुसत बसणं.

नुसत्या औषधावर विसंबल्याचा अनुभव देशानं घेतलेला आहे. स्वातंत्र्याच्या सुमाराला भारतात वर्षाला अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, घराघरांच्या भिंतींवर डीडीटी मारली गेली आणि साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत रुग्णसंख्या लाखभरावर आली. हिवताप गेला असंच वाटलं. मग लक्ष ढिलं पडलं, डास डीडीटीला सरावले आणि १९७६ मध्ये रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले.

याच्या उलट उदाहरण क्युबातल्या हवाना शहराचं. तिथं पिवळ्या तापानं माणसं मरत होती आणि तो ताप पसरवणारा डास हाच, एडिस इजिप्ती. १९०१ मध्ये विल्यम गोर्गस या लष्करी डॉक्टरांच्या माणसांनी घरोघर फिरून पाण्याची पिंपं तपासली, झाकायला लावली, अळ्या सापडल्या तर मालकाला दंड केला. रुग्णांना जाळीत ठेवलं, त्यांची घरं धुरी देऊन साफ केली. वर्ष संपायच्या आत शहरातला पिवळा ताप थांबला. डीडीटी डास मारते हे कळायला तेव्हा अजून जवळजवळ चाळीस वर्षं होती.

पूर ओसरल्यानंतरचे तीन आठवडे

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते तेव्हा सगळ्यांचं लक्ष पाण्याकडं असतं. पाणी उतरलं की लक्ष उडतं, आणि डासांचा काळ तिथून सुरू होतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आंबेवाडी, प्रयाग चिखलीपासून कुरुंदवाड, नृसिंहवाडीपर्यंत घरंच्या घरं पाण्यात गेली होती. पुराचं पाणी सुरुवातीला अळ्या वाहून नेतं, त्यामुळं पहिले काही दिवस डास कमीच वाटतात. नंतर सखल जागी पाणी अडकून राहतं. भिजलेलं सामान, भांडी, डबे, टायर रस्त्याकडेला ढिगानं पडतात. नदीकाठची उपसा केंद्रं बुडाल्यानं नळ बंद, मग टँकरचं पाणी मिळेल त्या भांड्यात भरून ठेवावं लागतं. हा साठाच डेंग्यूच्या डासाला सर्वांत सोयीचा. पूरग्रस्त गावात चिखल काढतानाच भांडी, डबे, टायर छपराखाली किंवा उपडे ठेवले, आणि टँकरच्या पाण्यावर पहिल्या दिवसापासून कापड बांधलं, तर पुढचं बरंच टळतं.

अंगाला लावायचं, घरात जाळायचं

खिडक्यांना जाळी आणि झोपताना मच्छरदाणी, हा सगळ्यात खात्रीचा उपाय. लहान मूल दुपारी झोपलं तरी मच्छरदाणीत झोपवावं, कारण एडिस दिवसाचा आहे. शाळेत जाताना फुलपँट, पायमोजे. डास पळवणारं मलम उपयोगी पडतं, पण तान्ह्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

कॉइल बंद खोलीत रात्रभर जाळू नये. एक कॉइल पूर्ण जळेपर्यंत निघणारे सूक्ष्म कण साधारण शंभर सिगारेटींच्या धुराएवढे असतात, असं मोजमापात दिसलं आहे. दम्याच्या माणसाला आणि लहान पोरांना तो त्रास डासापेक्षा जड जातो. शेणी-कडुनिंबाचा धूर आहे तोवर डास लांब राहतात, तो गोठ्यापुरता ठीक. दारात तुळस किंवा झेंडू लावण्यानं अंगण छान दिसतं, डास थांबत नाहीत. आणि मोबाइलमधून बारीक आवाज काढून डास पळवतो म्हणणारी ॲप? त्यानं फक्त बॅटरी उतरते.

ताप आलाच तर

डेंग्यू शहराचा आजार आहे, असं आता कुणी म्हणू नये. २००६ मधली चिकुनगुनियाची साथ आणि नंतर कित्येक महिने धरलेले गुडघे गावातली म्हातारी माणसं अजून विसरलेली नाहीत. हाच डास पसरवणारा झिका महाराष्ट्रात पहिल्यांदा सापडला तो जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या बेलसर या पुरंदर तालुक्यातल्या खेड्यात.

अचानक चढलेला ताप, डोळ्यांच्या मागं दुखणं, सांधे-अंग ठणकणं, अंगावर पुरळ, यापैकी काही असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावं. हिवतापाची तपासणी आशाताईंकडेही होते. तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात पॅरासिटामॉल घ्यावी. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून आणून घेऊ नयेत. डेंग्यूत त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. पाणी, पेज, सरबत, ताक भरपूर द्यावं. पपईच्या पानांचा रस देताय म्हणून दवाखाना टाळू नये.

ताप उतरला की माणूस बरा झाला, असं घरचे धरून चालतात. डेंग्यूत नेमका तोच काळ, म्हणजे ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस, जास्त धोक्याचा असतो. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, माणूस ग्लानीत जाणं, यातलं एक जरी दिसलं तरी रात्र असो की दिवस, थेट मोठ्या दवाखान्यात न्यावं. आधी एकदा डेंग्यू होऊन गेला असेल तर जास्तच सावध राहावं. डेंग्यूचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकारचा झाला तर तो जास्त जोर करू शकतो.

घरात डेंग्यूचा रुग्ण असेल तर तापाच्या पहिल्या पाच-सहा दिवसांत त्याला दिवसासुद्धा मच्छरदाणीतच ठेवावं. या दिवसांत त्याच्या रक्तात विषाणू असतो. त्याला चावलेला डास पुढच्या आठवड्या-दीड आठवड्यात शेजारपाजारच्या घरांत तो पोहोचवतो. त्याच दिवशी आशाताई किंवा आरोग्यसेवकांना कळवावं आणि आजूबाजूच्या घरांतले बॅरल, हौद, टायर तपासून घ्यावेत.